उभ्या गाडीचे सर

सर कुणाच्याही गाडीत बसण्याआधी चपला काढत. देवळाबाहेर काढतात तशा, रस्त्याच्या कडेला जोडीनं नीट लावून. मग मागच्या सीटवर बसत, पायाखालची मॅट बाजूला सारत, दोन्ही तळवे खाली टेकवत आणि डोळे मिटून घेत. पुढे बसलेल्या मालकानं इंजिन चालू करायचं, एसी लावायचा आणि दहा मिनिटं गप्प बसायचं. गाडी तसूभरही हलवायची नाही. मालकानं मधेच "सर, मला वाटतं कॉम्प्रेसर गेला असावा," असं काही सुरू केलं, की सर डोळे न उघडता म्हणत, "तुम्हाला वाटतच असेल तर मी कशाला बसलोय?"

एकदा धायरीतलेच एक शेतीवाडी असलेले गृहस्थ त्यांना फाट्यावर घेऊन गेले. "सर, गाडी लई थरथरतीय. बगाच तुम्ही एकदा." सर चपला काढून बसले. दहा मिनिटं कशीबशी झाली आणि त्या भल्या माणसाला इतका उत्साह आला, की त्यानं गिअर टाकून गाडी थेट नऱ्ह्यापर्यंत पळवली. चपला फाट्यावरच राहिल्या. सर त्याच्या गाडीनं परत यायला तयार होईनात. बसनं अनवाणी घरी आले आणि फाटकातच मला म्हणाले, "चपला गेल्या त्याचं काही नाही. उभी गाडी बघायला बोलावलं आणि पळवून दाखवली. याला काय म्हणायचं?"

मी त्यांचा भाडेकरू. धायरी खरोखरीचं गाव होतं तेव्हा सरांनी तिथं प्लॉट घेतला होता, पुढे त्यावर दोन मजली घर बांधलं. वर सर आणि काकू, खाली मी आणि माझी आई. तीस वर्षं सरांनी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवला होता. कोथरूड-वारज्यापासून कात्रजपर्यंत कुठल्याही गॅरेजात जा, एखादा तरी त्यांच्या हाताखालून गेलेला असायचाच. स्वतः मात्र त्यांनी आयुष्यात गाडी घेतली नाही. "आपली गाडी झाली की माणूस तिची बाजू घेऊन बोलायला लागतो," असं त्यांचं म्हणणं. ते सायकलनं हिंडायचे, आणि सत्तरी उलटल्यावर काकूंनी सायकलला कुलूप लावून किल्ली लपवल्यापासून बसनं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी पान्याला हात लावायचं सोडलं होतं. "निदान करणारा आणि कापणारा एक नसावा," म्हणायचे. ते फक्त चिठ्ठी देत. जुन्या उत्तरपत्रिकांचे कोरे कागद त्यांनी कुठून कोण जाणे गठ्ठ्यानं जमवले होते, त्यावर तीन रकाने आखलेले असत. लक्षण काय, केव्हा, आणि केव्हा नाही. तिसऱ्या रकान्यावर त्यांचा फार जीव. गाडी केव्हा बिघडते हे कुणीही सांगतो, ती केव्हा बिघडत नाही हे सांगणारा मालक लाखात एक, असं ते म्हणत. इंजिन थंड असताना? गरम असताना? एसी बंद ठेवून? पाऊस पडत असताना? लोक वैतागायचे. चिठ्ठीच्या तळाशी एकच ओळ असायची, अमुक भाग बघावा. ती चिठ्ठी घेऊन ज्या त्या गॅरेजात जायचं. गॅरेजवाले आधी तोंड वाकडं करत आणि मग गुपचूप तोच भाग उघडत.

ही सवय गाडीपुरती राहिली असती तर काकूंचं आयुष्य बरं गेलं असतं. त्यांचा गुडघा दुखायला लागला तेव्हा सरांनी पहिला प्रश्न विचारला, "चढताना की उतरताना?" काकूंनी तेल, लेप आणि गोळी एकदम सुरू केल्यावर ते दोन दिवस त्यांच्याशी नीट बोलले नाहीत. एका वेळी एकच बदल करायचा आणि तीन दिवस थांबायचं, हा त्यांचा नियम. त्याशिवाय गुण कशानं आला ते कळणार कसं? काकू मला सांगत, "अरे, मला बघायला हे दोनदा आले होते. एकदा सकाळी, एकदा भर दुपारी. माझ्या वडलांना वाटलं, मुलगा जरा कमी आहे."

फी ते घेत नसत. त्यांची एकच अट असे. गुण येवो न येवो, परत येऊन खरं काय झालं ते सांगायचं. "बरा झालेला पेशंट डॉक्टरकडे फिरकत नाही, न झालेला दुसरा डॉक्टर गाठतो. मग डॉक्टरला कळणार कसं, की तो हुशार आहे का नशीबवान?" न सांगता गडप होणाऱ्याला ते दारात उभं करत नसत. आणि चिठ्ठी चालू असताना मधेच दुसऱ्या कुणाचा हात गाडीला लागला, तर कागद फाडून हातात देत.

आता माझ्या गाडीचं सांगतो. पांढरी, लहानशी, सतरा वर्षांची आणि माझ्या हाती आली तेव्हा दोन मालक बघितलेली. ती मी हौसेनं घेतली नव्हती. आईच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आम्ही यवतमाळकडचे. नोकरीमुळे मी पुण्यात होतो, म्हणून तिला इकडे आणलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार कोथरूडला तिचं डायलिसिस असायचं, सकाळी दहा ते दोन. परत यायला नेमका उन्हाचा ऐन भर.

डायलिसिसवरच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं. आईला दिवसाला अर्ध्या लिटरची एक बाटली आणि दोन लहान कप चहा, एवढीच परवानगी. ज्या बाईनं जन्मभर एप्रिल-मेमध्ये माठातले तांबेच्या तांबे रिचवले, ती एकेक घोट तोंडात घोळवून गिळायची. मला ते बघवत नसे. ऊन लागलं की तहान वाढायची आणि तहान वाढली की बाटली दुपारीच संपायची. मग झोपेपर्यंत ओल्या फडक्यानं ओठ पुसत बसायचं. तिच्यासाठी गाडीतला एसी म्हणजे चैन नव्हे, पाणी होतं.

आणि गाडीचा रोग असा, की चालती असली की एसी गार, उभी राहिली की गरम वारा. सिंहगड रोडला गाडी चालते किती आणि उभी राहते किती, ते सांगायला नको. वर आणखी एक. सिग्नलला उभी असताना एसी चालू असला की इंजिन धापा टाकायचं, इंजिनाच्या वेगाचा काटा खाली यायचा, सगळी गाडी खडखडायची आणि तीन-चारदा तर बंदच पडली.

सर मागच्या सीटवर बसले. चपला आमच्याच फाटकात होत्या, त्यामुळे धोका नव्हता. आई खिडकीतून बघत होती. दहा मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले आणि तिलाच विचारलं, "ताई, तुम्ही बेचाळीस अंशांच्या गावच्या. तुम्हाला हो एसी कशाला?"

"सर, तिकडं घाम येत होता आन् पानी बी पेत होतो," आई म्हणाली. "आता पानीच मोजून हाये. मंग गार नको का मले?"

  सरांनी तिची बाटली मागून घेतली, उजेडाला धरून बघितली आणि चिठ्ठीवर पहिल्या रकान्यात लिहिलं, 'बाटली दुपारी संपते.' गाडीच्या कागदावर हे कशाला, ते मला तेव्हा कळलं नाही.

पहिली चिठ्ठी इंजिनात हवा जाते तिथला भाग साफ करण्याची होती. सतरा वर्षांची काजळी निघाली. एसी नसताना गाडी मांजरासारखी गुरगुरायला लागली, पण एसी लावला की पुन्हा तेच. तीन दिवस थांबायचं. मग सरांनी मला बॉनेट उघडायला लावलं. रेडिएटरपुढे एसीची एक जाळी असते, तिथून आतली उष्णता बाहेर जाते. गाडी पळत असली की समोरचा वारा तिला गार करतो, उभी असली की पंख्यावर भिस्त. सर पंख्याकडे बराच वेळ बघत राहिले. "फिरतोय," मी म्हणालो. "फिरतोय ते मलाही दिसतंय," ते म्हणाले. "फिरणारा प्रत्येकजण काम करतो असं नाही. आयटीआयमध्ये आमच्याकडे होते असे." दुसऱ्या चिठ्ठीवर लिहिलं, पंखा बदलावा. तो भाग गॅरेजात यायला चार दिवस लागणार होते.

चार दिवसांत दोन डायलिसिस. पारा चाळिशीला टेकला होता. त्यातल्या पहिल्या फेरीला आई परतताना इतकी कोमेजली, की घरी आल्यावर पायरी चढताना तिनं माझा खांदा धरला. पुढच्या वेळी, तिला डायलिसिसच्या खुर्चीवर बसवल्यावर, माझ्या हातात चार तास होते. दवाखान्यापासून जवळच एक एसीवाला होता. त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाला, "गॅस कमी झालाय साहेब. टाकून देतो, अर्ध्या तासाचं काम." एकाच वेळी एकच बदल, तीन दिवस थांबा, हे सगळं मला पाठ होतं. पण त्या घटकेला मला नियमांचा राग आला होता. आई माझी होती, रकाने सरांचे होते. मी म्हणालो, टाका.

येताना काही विशेष फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशी पंखा आला, बसवला, आणि मी मनातल्या मनात हात जोडले. पण गाडी पहिल्यापेक्षा वाईट झाली. उभी राहिली की धापा टाकायचीच, शिवाय आता भर उन्हात एसी मधेच आपोआप बंद पडायला लागला.

सर खाली आले. चपला काढल्या, बसले. पंधरा मिनिटं झाली तरी डोळे उघडेनात. मग विचारलं, "मधे गॅस भरलात?"

 खरं सांगितलं असतं तर कागद फाडून हातात आला असता, असं वाटलं. आणि एक दुसरंही होतं. तीस-बत्तीस वर्षांचा, कंपनीत सहा जणांचा वरिष्ठ असलेला मी, त्यांच्यापुढे बाकावर उभं राहायला घाबरलो.

"नाही," मी म्हणालो.

"नक्की?"

"नाही सर. दोन वर्षांत गॅसला कुणी हातही लावलेला नाही."

"मग तो प्रश्नच मिटला," ते म्हणाले. "गॅस आपोआप कमी होतो. आपोआप वाढत नाही." आणि चिठ्ठीवरची एक ओळ त्यांनी माझ्यादेखत खोडली.

पुढचे तीन आठवडे मला आठवायला नको वाटतात. सरांनी इंजिनाखालचं रबराचं माउंटिंग बदलायला लावलं. थरथर थोडी कमी झाली, धाप तीच. मग हवेची एक नळी बदलायला लावली, काही नाही. ते आता रोज खाली यायला लागले. रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं इंजिनावर फिरवत बसायचे. रविवारी फाटकाशी दोन-तीन गाड्या उभ्या असायच्या, त्या लोकांना ते "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणून परत पाठवायला लागले. एकदा मागच्या सीटवर ते अर्धा तास बसले. उतरताना चपला घालायला वाकले आणि तसेच थोडा वेळ वाकून राहिले. "पूर्वी मला कळायचं," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला निरोप पाठवला, दुसऱ्या कुणाला तरी दाखवा.

मी तेव्हा सांगायला हवं होतं. रोज जिन्यापर्यंत जायचो आणि परत फिरायचो.

मेच्या मध्यावर एका गुरुवारी राजाराम पुलाच्या सिग्नलला गाडी बंद पडली. मागून हॉर्नचा कल्ला. किल्ली फिरवतोय, फिरवतोय, चालू होईना. आईनं हातातली बाटली तोंडाला लावली आणि एका दमात संपवली. मी पाहिलं आणि पुन्हा किल्ली फिरवली. घरी आल्यावर तिनं फ्रिजमधून बर्फाचे खडे काढून चघळले, मला चोरून. शनिवारी वजन केलं तर अंगात नेहमीपेक्षा कितीतरी जास्त पाणी साठलेलं आणि श्वास लागलेला. डॉक्टर तिला रागावले. तिनं लहान मुलीसारखी मान खाली घातली. मी तिच्या शेजारीच होतो.

तिला खुर्चीवर बसवून मी थेट वारज्याला सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या गॅरेजात गेलो. त्यानं एसीच्या पाइपांना मीटर लावला आणि बघतच राहिला.

"गॅस दुप्पट आहे यात. आधीचा न काढता वरून कोंबलाय कुणीतरी. एवढं प्रेशर आल्यावर इंजिन धापा टाकणारच की. पंखा नवीन दिसतोय?"

"सरांनी सांगितला होता."

"बरोबर सांगितला होता. तेवढ्यानंच काम झालं असतं. गॅस कुठं भरला?"

"बाहेर. पंख्याच्या आदल्या दिवशी."

"सरांना माहितीये?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यानं हात पुसले. "तरीच," तो म्हणाला. "परवा मी फोन केला होता एका गाडीसाठी. म्हणाले, माझ्या पायांना आता कळत नाही, मला विचारत जाऊ नकोस. मी म्हटलं, सर असं का बोलतायत?"

त्यानं सगळा गॅस काढला आणि वजन करून नेमका तेवढाच भरला. दुपारी येताना आम्ही चार सिग्नलला थांबलो. गाडी एकदाही खडखडली नाही. आईनं समोरच्या जाळीला हात लावला आणि म्हणाली, "काहून रे, आज तर थंडी वाजून राह्यली." बाटली अर्धी भरलेली होती. मला रडू आलं आणि त्याच क्षणी स्वतःची किळसही आली.

आईला निजवून मी वर गेलो. सर खुर्चीवर बसले होते, पुढे पेपर, पण वाचत नव्हते. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

"सर, गॅस मी भरला होता. पंखा बसवायच्या आदल्या दिवशी. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो."

त्यांनी पेपराची घडी घातली. मग विचारलं, "किती वाजता भरला?"

"अकराच्या सुमारास."

त्यांनी कपाटातून माझ्या गाडीच्या सगळ्या चिठ्ठ्या काढल्या, एकाखाली एक लावल्या आणि दुसरीच्या तळाशी तारीख आणि वेळ घालून गॅस भरल्याचं वाक्य लिहिलं. पुन्हा पहिल्यापासून बोट फिरवत वाचलं. 

"म्हणजे पंखाच होता," ते म्हणाले.

"हो सर. माफ करा मला."

"माझी कसली माफी मागता? मला काय तहान लागली होती?" चिठ्ठ्या सारख्या करत ते म्हणाले. "मातोश्रींना सांगा."

सांगतो म्हणून मी खाली आलो. आई गाढ झोपली होती. संध्याकाळी सांगू म्हटलं, मग उद्या.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. गाडी सरांच्याच चिठ्ठीनं सुधारली, असं आई धरून चालली होती. आईनं सांबारवडी, आमच्याकडची कोथिंबिरीची तळलेली वडी, केली, स्वतःला खायला बंदी असलेली, आणि डबा माझ्या हाती देऊन कठडा धरत धरत जिना चढली. सरांच्या दारात उभी राहून, दम खात म्हणाली, "सर, गाडी लय थंड झाली. देवासारखे भेटले तुमी. पन टाइम लय लावला हो. सारा उन्हाळा तहानली राह्यली मी."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. नुसतं पाहिलं आणि थांबले. काकूही थांबल्या. मी हातातला डबा आईकडे दिला.

"हो ताई," सर शेवटी म्हणाले. "उशीर झाला खरा. माझं निदान चुकलं."

"चुकते मानसाचं," आई मोठ्या मनानं म्हणाली आणि डब्याचं झाकण उघडून तिनं त्यांच्यापुढे धरलं.

त्याच दुपारी फाटकाशी एक गाडी येऊन उभी राहिली आणि सरांच्या चपला पुन्हा रस्त्याच्या कडेला दिसल्या. पायांना कळायला लागलं होतं. मला त्यांनी ना कधी टोमणा मारला ना घर सोडायला सांगितलं. भाड्याचा करार संपला तेव्हा नव्या करारावर न बोलता सही केली. मला त्याचंच जास्त लागलं.

आई त्यानंतर दोन वर्षं होती. त्या दोन वर्षांत गावाकडून जो कुणी भेटायला येई त्याला ती गाडीची गोष्ट सांगायची, अगदी रंगवून. "सर लय हुशार, पन माह्या गाडीत फसले. पुरा उन्हाळा चुकत राह्यले." येणारे हसायचे. कधी सर तिथंच बसलेले असायचे. तेही मान डोलवायचे आणि म्हणायचे, "असं होतं." दर वेळी मला वाटायचं, आज सांगू. नंतर नंतर तर वाटायला लागलं, की आता सांगितलं तर तिच्या गोष्टीतली गंमतच जाईल. माणूस स्वतःला काय काय पटवून देतो.

ती गेल्यावर तेराव्याला यवतमाळहून मामा आले होते. सर कोपऱ्यात सतरंजीवर बसले होते, चपला बाहेर. मामांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "तुमीच का ते गाडीवाले सर? ताई फोनवर लय सांगत होती. गाडी दुरुस्त कराले सारा उन्हाळा लावला म्हने तुमी."

"हो," सर म्हणाले. "तोच मी."

मी दोघांच्या मधेच बसलो होतो. उठलो आणि चहाचं बघायला आत गेलो.